उजव्या दाराची पट्टी

ओळंबामास्तरांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. बायको ‘अहो’ म्हणते, मुलगी ‘बाबा’ म्हणते आणि उरलेलं जग तोंडावर मास्तर आणि मागे ओळंबा म्हणतं. भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. मास्तरांना दोरी लागत नाही. ते मान किंचित कलती करतात, एक डोळा मिटतात आणि सांगतात, “डावीकडे उतरलंय.” मग ते कपाट असो, दुकानाची पाटी असो, नाहीतर एखाद्याचा भांग. असा गुण अंगी असलेल्या माणसाला लोक मान देतात आणि घरी बोलवायचं टाळतात. त्यांची मेहुणी तर मास्तर येणार असं कळलं की भिंतीवरच्या तसबिरी उतरवून ठेवते. एकदा एक राहून गेली. मास्तरांनी मेहुणीची तब्येत विचारली, साडूंच्या गुडघ्याची चौकशी केली, भाच्याच्या नोकरीबद्दल समाधान व्यक्त केलं, आणि हे सगळं त्या तसबिरीकडे पाहत. शेवटी साडूच उठले आणि ती सारखी करून आले.

धंदा म्हणाल तर जुन्या मोटारींना पट्ट्या बसवणं. पूर्वीच्या मोटारींच्या अंगावर चकचकीत धातूच्या पट्ट्या असत, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एका रेषेत ओढलेल्या. हल्लीच्या मोटारींना असलं काही नसतं. त्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत असतात आणि तितक्याच एकमेकींपासून ओळखू येतात. पण जुन्या मोटारींचा शौक असणारे लोक आहेत, ते वर्षानुवर्षं एखादं सापळ्यासारखं धूड दुरुस्त करत बसतात, आणि पत्रा झाला, रंग झाला, इंजिन धडधडायला लागलं की सगळ्यात शेवटी मास्तरांकडे येतात. पट्टी सुताइतकी जरी वाकडी बसली तरी मोटार पडेल चेहऱ्याची दिसते. पाहणाऱ्याला काय बिनसलंय ते सांगता येत नाही, पण बिनसलंय एवढं कळतं.

मास्तर ज्या शेडमध्ये काम करत तिथे आणखी दोघं होते. एक डेंटर, म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून पूर्ववत करणारा. अंगाने दांडगा, आवाजाने त्याहून. दुसरा पेंटर. किडकिडीत, अबोल, आणि स्वतःच्या रंगावर कुणी श्वास सोडला तरी ओरखडा पडेल अशा समजुतीने जगणारा. दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. एका मडगार्डावर खळगा होता की रंगाचा फुगा, ह्यावरून ते फाटलं. ते मडगार्ड, ती मोटार आणि तिचा मालक तिघंही आता नाहीत, पण वाद शाबूत आहे. एकमेकांशी काही बोलायचं झालं तर ते मास्तरांमार्फत बोलत.

“मास्तर, त्याला सांगा, दाराला अजून हात लावू नकोस, ओलं आहे.”

“मास्तर, त्याला सांगा, मला डोळे आहेत.”

“मास्तर, त्याला विचारा, मग वापरत का नाही?”

दोघं एका हाताच्या अंतरावर उभे असत. मास्तर मधे उभे राहून निरोप न पोहोचवता नुसती मान हलवत. तेवढ्यावर काम चालत होतं.

तर ह्या शेडमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची मोटार आली होती. वडिलांची मोटार, फिकट पिस्ता रंगाची. बाईंनी ती माहेरच्या गोठ्यासारख्या गॅरेजमधून ओढत आणली, तेव्हा तिच्या मागच्या सीटवर मांजरीचा संसार होता. कामाच्या सुरुवातीलाच मास्तरांनी सगळ्या पट्ट्या उतरवल्या आणि जुन्या चादरीत गुंडाळून घरी, पलंगाखाली नेऊन ठेवल्या. शेडमध्ये ठेवल्या तर डेंटर त्यावर उभा राहतो. पुढे पत्र्याचं आणि रंगाचं काम होण्यात बरेच महिने गेले. रंग वाळत आला तशा मास्तरांनी पट्ट्या पलंगाखालून काढल्या, पुसल्या, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर घडीचा टॉवेल अंथरून एकेक निरखली. उजव्या दाराच्या पट्टीला मधोमध थोडंसं पोट आलं होतं. कुणीतरी गुडघा टेकवला असणार. मास्तरांनी लाकडी मोगरीने ते हळूहळू बसवलं. बायको म्हणाली, “अहो, ओट्यावर मी भाजी चिरते.” मास्तर म्हणाले, “बघ, आता कशी सरळ झाली.” दोघांचंही म्हणणं बरोबर होतं.

पट्टी बसवायची त्यांची एक पद्धत होती. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत दोरा ताणायचा. पत्र्यात कारखान्यानेच पाडलेली भोकं असतात, त्यात क्लिपा घालायच्या. मग पट्टी एका टोकाला अडकवून तळहाताने पुढे पुढे दाबत जायची. क्लिप बसली की टक् असा बारीक आवाज होतो. डावी बाजू एका दमात झाली. टक् टक् टक्. मास्तरांनी मागे जाऊन, एक डोळा मिटून पाहिलं, आणि शिट्टी वाजवली. शिट्टी म्हणजे त्यांच्याकडून स्वतःला मिळणारी सर्वोच्च पदवी.

उजवी बाजू बसेना.

पुढच्या मडगार्डावरची पट्टी बसली, मागची बसली. दाराची दोन्ही टोकं बसली आणि मधली क्लिप निसटली. दाबली, बसली, निसटली. जणू दार हळूच म्हणत होतं, नको. डेंटर लांबून बघत होता, पेंटरही बघत होता, आणि दोघंही बघत नसल्यासारखं दाखवत होते. मास्तरांनी पट्टी काढून ठेवली, हात पुसले आणि कुणाशी न बोलता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्याने दोरा ताणला. दार दोऱ्याच्या मानाने खाली वाटलं. खडूने खूण केली. दुपारी नेहमीप्रमाणे घरी जेवून, डुलकी काढून आले तर तीच खूण दोऱ्याच्या वर. मास्तरांनी दोरा तपासला. दोरा जिथल्या तिथे. नवी खूण केली. सकाळी येऊन पाहतात तर ती खाली. पुढचे काही दिवस असेच गेले. सकाळी दार खाली, दुपारी वर. माणसाचा रक्तदाब असा हलतो हे त्यांनी ऐकलं होतं, दाराचं ऐकलं नव्हतं. दारावर खुणांची इतकी गर्दी झाली, की त्यातली आजची कुठली आणि कालची कुठली हे कळेना. त्यांनी खडूचा रंग बदलून पाहिला. आता दोन रंगांचा गोंधळ झाला.

कुणीही साध्या माणसाने अशा वेळी शेडच्या मधोमध उभं राहून ओरडलं असतं, “अरे, ह्या दाराला कोण हात लावतंय?” मास्तरांच्या ते ओठांवर येई आणि तिथेच थिजे. त्याला कारण होतं.

मास्तरांचे थोरले बंधू घड्याळं दुरुस्त करत. हात इतका स्थिर, की भिंगाखाली केसाएवढी स्प्रिंग उचलून गप्पा मारत. ते म्हातारपणाकडे झुकले तेव्हा एक दिवस म्हणाले, “माझ्या वस्तू कुणीतरी हलवतंय.” आधी सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. मग त्यांचा चिमटा साखरेच्या डब्यात सापडला आणि सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. तिथून पुढे ते घसरतच गेले. शेवटी शेवटी दुकानाच्या किल्ल्या हातात धरून किल्ल्या शोधत, आणि मास्तरांना विचारत, “आपण कोण?” मास्तर सांगत, “दादा, मी.” ते सभ्यपणे म्हणत, “असं का? बसा ना.”

मास्तर आता दादांच्या त्या वयाला आले होते. तेव्हा ‘कुणीतरी हलवतंय’ हे वाक्य सोडून काहीही म्हणायला त्यांची तयारी होती. दार हलत असेल तर जे वाक्य बोलायला हवं, तेच वाक्य डोकं हललं असेल तरी माणूस बोलतो. ह्यातून वाट कशी काढायची ते त्यांना सुचेना. दोरा ताणून पाहायची ही गोष्ट नव्हती.

एक आशा होती, डोळ्यांची. डोळे गेले असले तर बरं, चष्मा लावता येतो. म्हणून ते डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले आणि मोटारीबद्दल अवाक्षर न काढता खुर्चीत हनुवटी टेकवून बसले. बाईंनी दिवे मारले, थेंब घातले, अक्षरं वाचायला लावली. मास्तरांनी सगळ्यात खालची ओळ वाचली आणि वर सांगितलं की तक्ता उजवीकडे जरा उतरलाय.

“मास्तर, डोळे एकदम फर्स्ट क्लास! कॉलेजातली पोरं बरी नाहीत तुमच्यापुढे,” बाई म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा पडला. इतकी चांगली बातमी इतक्या वाईट तोंडाने घेणारा पेशंट बाईंनी पाहिला नव्हता.

“काही होतंय का तुम्हाला?”

“नाही. होत नाहीये, तीच पंचाईत आहे.”

“गाडी कधी देताय? बाबांना तिच्यात बसवून एक चक्कर मारायचीय. रोज विचारतात.”

“पट्टी बसली की लगेच,” मास्तर म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले. चप्पल पायातच होती.

घरीही काही बरं चाललं नव्हतं. दिवाणखान्यात मुलीच्या पदवीदानाचा फोटो होता. मास्तर घरात शिरले की सवयीने त्याच्यावर नजर टाकत. त्या संध्याकाळी तो त्यांना वाकडा वाटला. पण आता वाटण्याचा भरवसा काय? उद्या तो सरळ असायचा आणि आपण वाकडा करायचो. ते त्याच्याखालून निमूट जाऊन खुर्चीत बसले. स्वयंपाकघराच्या दारातून बायको बघत होती.

“अहो, काही दिसत नाही का तुम्हाला?”

“काय?”

“काही नाही. चहा ठेवू?”

“ठेव.”

तिने चहा ठेवला. तो उतू गेला तरी ती दारातच उभी.

रात्री जेवताना मास्तर म्हणाले, “अगं, समजा मी काम सोडलं तर?”

“सोडा की. पण सोडून काय घरातली भांडी एका रेषेत लावणार?”

एरवी ह्यावर ते हसले असते. त्या दिवशी त्यांनी विचारलं, “माझी हत्यारं कुणाला द्यावी म्हणतेस?” बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर जेवायला घरी गेले नाहीत. बायकोचे प्रश्न नको होते. डेंटर डबा धुवायला मागे गेला होता, पेंटर त्याच्या खोलीत होता. मास्तर डॉक्टरीणबाईंच्या मोटारीत मागच्या सीटवर जाऊन बसले आणि हळूहळू आडवे झाले. नवीन कातड्याचा वास येत होता. त्यांनी ठरवलं की डोळे मिटून शांतपणे विचार करायचा आणि संध्याकाळी बाईंना सांगून टाकायचं, दुसरा माणूस बघा.

विचार सुरू होतो न होतो, तोच मोटारीचं उजवं दार उघडलं. बिजागरीपाशी पान्याचा आवाज झाला. दार किंचित वर उचललं गेलं. मास्तरांनी श्वास रोखला. दारं स्वतःहून पाना वापरत नाहीत, एवढं त्यांना ह्याही अवस्थेत समजत होतं.

मग लांबून एक आवाज आला. पेंटरचा, आणि चक्क थेट डेंटरला उद्देशून.

“मास्तरांना सांगतो मी, तू दाराशी काय करतोस ते!”

“सांग! आणि तू? रोज संध्याकाळी दार खाली कोण करतं? भूत?”

“तू वर करतोस म्हणून मी खाली करतो! रंगाची कड उडाली असती माझ्या.”

“अरे, म्हाताऱ्याची पट्टी बसावी म्हणून वर करतोय मी! मधली क्लिप निसटते त्यांची, दिसत नाही तुला?”

“मी कशासाठी खाली करतोय मग? हौस म्हणून? वरून दाबलं की बसेल असं मला वाटलं!”

“तुला वाटलं! पत्र्यातलं कळतं काय तुला?”

“मास्तरीणबाईंनी मला फोन केला होता. म्हणाल्या, जरा सांभाळून घ्या त्यांना, आणि कुणाला बोलू नका.”

डेंटरने हातातला पाना खाली केला. मग बऱ्याच हळू आवाजात म्हणाला, “मलाही केला होता. मलाही म्हणाल्या, कुणाला बोलू नका.”

मागच्या सीटवरून ओळंबामास्तरांचं डोकं वर आलं. डेंटरच्या हातून पाना सुटून त्याच्याच पायावर पडला. तो एका पायावर नाचत असताना मास्तर मोटारीतून उतरले. त्यांचा चेहरा लॉटरी लागलेल्या माणसासारखा झाला होता.

“म्हणजे खरंच कुणीतरी हलवत होतं!”

“मास्तर, माफ करा...”

“माफ? अरे, पुन्हा म्हण. हलवत होतास ना?”

“हलवत होतो,” डेंटर पाय धरून म्हणाला.

“मीही,” पेंटर म्हणाला. त्याला मागे राहायचं नव्हतं.

मास्तरांनी दोघांना मिठी मारली. नंतर बाहेर जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं, दोनदा शिट्टी वाजवली, आत आले, आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

“पण मग पहिल्या दिवशी?”

“काय पहिल्या दिवशी?”

“पहिल्या दिवशी दाराला कुणी हात लावला नव्हता. तेव्हा पण क्लिप निसटत होती. ती का?”

डेंटरने मान खाजवली. पट्टी बाकावर ठेवलेली होती. त्याने ती उचलून प्रकाशात धरली, उलटी केली, सुलटी केली. “मास्तर, हिचं पोट कुठे गेलं?”

“ते मी काढलं. चेपली होती.”

“चेपली नव्हती. तुम्हीच तर सांगितलंत.”

“काय सांगितलं?”

“पट्ट्या उतरवल्या तेव्हा. म्हणालात, ह्या दाराचा पत्रा कारखान्यात कुणीतरी हाताने ठोकून बसवलाय, मधे फुगीर आहे, म्हणून पट्टीला पोट दिलंय. जन्मजात आहे. हिला कुणी शहाणपणा करून सरळ करू नका.”

मास्तर त्याच्याकडे पाहत राहिले. मग पेंटरकडे वळले. आता कुणीतरी ‘छे, असं काही बोलला नव्हतात’ म्हणेल अशी त्यांना आशा होती, आणि डेंटरला खोटं पाडायची संधी पेंटरने आजवर कधी सोडली नव्हती.

“मलाही सांगितलंत,” पेंटर खाली बघत म्हणाला. “दोनदा.”

मास्तरांनी आठवून पाहिलं. पट्ट्या उतरवल्याचा दिवस आठवला. मांजरीची पिल्लं आठवली, ती कुणी कुठे नेली तेही आठवलं. चादर आठवली. तेवढं बोलणं मात्र जिथे असायला हवं होतं तिथे नुसतं भोक होतं, क्लिपेविना.

वर छपराच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याचा आवाज येत राहिला.

“मोगरी आण,” शेवटी मास्तर म्हणाले.

“कुणी?” दोघांनी एकदम विचारलं.

“कुणीही. आणि दार पहिलं जिथे होतं तिथे आणा. बोल्टाचा जुना ठसा आहे बिजागरीवर, तो बघून. दोघांनी मिळून.”

पट्टीला पोट द्यायचं काम मास्तरांना जन्मात केलेलं सगळ्यात अवघड काम वाटलं. आयुष्यभर वाकडं ते सरळ करण्यात गेलेला हात सरळ ते वाकडं करायला तयार होईना. ते एक हलका ठोका मारत आणि थांबून विचारत, “झालं?” डेंटर म्हणे, “अजून.” पेंटर म्हणे, “पुरे.” मास्तर दोघांच्या मधलं काहीतरी करत. दाराशी धरून बघत, परत बाकावर आणत. शेवटी पट्टी लावली. टक्. टक्. मधली क्लिप आली तसे तिघांनी श्वास रोखले. टक्. सगळे थांबून राहिले. ती निसटली नाही.

मास्तर मागे गेले, एक डोळा मिटला, आणि त्यांच्या तोंडातून शिट्टी निघेना.

“कशी आहे?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी शेडमध्ये कुणाला विचारल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

“सरळ आहे,” डेंटर म्हणाला.

“सरळ आहे,” पेंटर म्हणाला. एवढ्या वर्षांत एकाच वाक्यावर दोघांची सही होण्याचा हा दुसरा प्रसंग, आणि तोही त्याच दिवशी.

संध्याकाळी घरी गेल्यावर मास्तर फोटोखाली उभे राहिले.

“अगं, हा वाकडा आहे ना?”

“आहे,” बायको आतून म्हणाली. मग बाहेर आली. “मीच केलाय. म्हटलं बघावं, तुमच्या लक्षात येतं का.”

“तूही?”

“मग काय करू? तुम्ही बोलत नाही, मी विचारत नाही. नुसतं घर वाकडं.”

मास्तरांनी फोटो सारखा केला. मग तिला सगळं सांगितलं, दादांचं वाक्य ओठांवर येऊन थिजायचं तेसुद्धा. सांगता सांगता ओट्यावरच्या मोगरीपाशी आले तेव्हा ती म्हणाली, “मला आठवतंय ते. तेव्हाच म्हणणार होते, की घरी पट्ट्या आणल्यात त्या दिवशी तुम्ही पोटाचं काहीतरी बोलत होतात. पण म्हटलं, ह्यांच्या कामातलं आपल्याला काय कळतं.”

“मला एवढं सांगायचं होतंस.”

“तुम्हाला? तुम्हाला वाकडं आहे असं सांगायचं? कुणाची टाप होती?”

मास्तर उठले आणि त्यांनीच चहा ठेवला.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई आल्या. मोटारीभोवती फिरल्या, पिस्ता रंगावरून हात फिरवला. पेंटरने डोळे मिटून घेतले. मग त्या एकदा उजवीकडे उभ्या राहिल्या, एकदा डावीकडे.

“फारच सुंदर. उजवी बाजू तर एकदम रेषेत. डावी पट्टी जरा... मधे वाकडी आहे का हो?”

तिघं लगबगीने डावीकडे गेले आणि वाकून बघायला लागले. डावी पट्टी दोऱ्यासारखी सरळ होती. निदान डेंटरला तसं वाटत होतं, पेंटरला तसं वाटत होतं. मास्तरांना दोन्ही वाटत होतं.

“असेल,” ते म्हणाले. “बाई, तुम्हाला एक विचारू? डोळे चांगले आहेत म्हणालात.”

“उत्तम आहेत.”

“डोळ्यांच्या मागे जे असतं, त्याचा डॉक्टर कोण?”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पट्टीकडे पाहत होत्या त्याहून नीट. “आहे एक ओळखीचा. चांगला आहे. उद्या सकाळी जाल? मी बोलून ठेवते.”

“जातो.”

“सोबत कुणीतरी न्या मात्र. ते जे सांगतील ते ऐकायला.”

“मास्तर, मी नेतो तुम्हाला,” डेंटर म्हणाला.

“मास्तर, त्याला सांगा,” पेंटर म्हणाला, “दवाखान्यात हळू बोलावं लागतं. मी नेतो.”

“मास्तर, त्याला सांगा, तुम्हाला ऐकू गेलं पाहिजे डॉक्टर काय म्हणतो ते. हा तोंडातल्या तोंडात सांगेल.”

मास्तर दोघांच्या मधे उभे होते. त्यांनी सवयीने मान हलवली. मग थांबले.

“तुम्हीच सांगा एकमेकांना,” ते म्हणाले. “माझ्या लक्षात राहीलच असं नाही.”